७/८ मध्ये मराठी शब्द चिरडतात आणि डिलेत विरघळतात: चार गाण्यांच्या ईपीसाठी सल्ला हवा

उलटी_टेप

चौघांचा बँड, कोल्हापूर. गायक-गिटार, दुसरी गिटार आणि सिंथ, बेस, ड्रम्स. दोन गाण्यांत पेटी. गाणी मराठी आणि स्वतःची. बाज सायकेडेलिक, त्यात प्रॉगची मोडतोड: विषम मात्रा, लांब वाद्यखंड, एका गाण्यातून थेट दुसऱ्यात जाणं. चार गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) पदरच्या पैशानं काढायचाय. लेबल नाही, निर्माता नाही.

मुख्य गाणं ७/८ मध्ये आहे, म्हणजे एका आवर्तनात सात एटथ (अर्धे ठोके); लय मिनिटाला १०५ क्वार्टर (पूर्ण ठोके). ड्रम्स २-२-३ असे वाजतात. कडवं अभंगाच्या मापात बसवलंय:

रात्रीच्या रुळांत / चमकतो पारा / शहराचा वारा / झोपलेला

कागदावर बरोबर आहे, पण गाताना पहिली ओळ दरवेळी अडखळते. दुसरीकडे गायकाच्या आवाजावर डॉटेड एटथचा डिले (दीड एटथनं मागून येणारा पडसाद) आणि थोडा फेझर (आवाज घुसळवणारा इफेक्ट) लावलाय, तर ऐकणाऱ्याला एक शब्द धड कळत नाही. दोन्ही काढले की गाणं कोरडं ठाक.

गाणी पांढरी तीनमध्ये आहेत, कारण रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) मोकळ्या खालच्या तारेवर आहे. गायकाला वरचे सूर ओरडून लावावे लागतात.

साहित्य: दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक आणि एक कंडेन्सर माइक, जर्मेनियम फझ (आवाज फाडणारं पेडल), फेझ ९० (फेझर), डीडी-३ आणि कार्बन कॉपी (दोन्ही डिले). सगळी पेडल्स एकाच अडॅप्टरच्या माळेवर. फझ लावला की माळ बंद पडते, हे वेगळंच.

कुठून सुरुवात करावी?

अक्षरमोजणी

डिलेचं नंतर बघू. पहिली ओळ अडखळते ती गायकामुळे नाही, लिहिण्यामुळे.

थोरल्या अभंगाचं माप ६-६-६-४. हा अक्षरछंद आहे, म्हणजे लघु-गुरू न बघता प्रत्येक अक्षर एकच घर घेतं. एका एटथला एक अक्षर दिलं की सातातली सहा घरं भरतात आणि सातवं श्वासाला मोकळं राहतं. चौथ्या चरणात चार अक्षरं आणि तीन रिकामी घरं. विषम मात्रांसाठी मराठीत याहून तयार साचा नाही. तुम्ही निवडलाय तो योग्यच.

पण घरं मोजून भागत नाही, शब्द कुठे तुटतो ते बघावं लागतं. तुमचे जोर २-२-३ मध्ये पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरावर पडतात. आता ओळी फोडून बघा:

रात्री । च्यारु । ळांत –
चम । कतो । पारा –
शह । राचा । वारा –
झोप । लेला । – – –

दुसरी, तिसरी, चौथी ओळ चपखल, कारण शब्दांची मोडणी ४+२ आहे, चौथीत नुसती ४. पहिली ३+३ आहे. 'च्यारु' असा कुठला शब्द नसतो, आणि नेमका त्याच्यावर स्नेअर पडतो. गायक 'रुळांत' शब्द वाचवायला जातो आणि मागे राहतो.

म्हणून पहिल्या ओळीतही ४+२ करा: रुळांवर रात्री. रुळां । वर । रात्री –. अर्थ तोच, अक्षरं सहाच, आणि शेवटी दीर्घ 'त्री' आल्यामुळे सातव्या घरात सूर ओढता येतो. 'रुळांत'चा 'त' ओढताच येत नव्हता.

उलट वाट धरायची असेल तर 'रात्रीच्या रुळांत' ठेवा आणि बाकीचे चरण ३+३ करा. मग ड्रमरला ३-२-२ वर यावं लागेल. तो रूपकाचा विभाग आहे. मात्र एक सावधगिरी: रूपकात समेवरच खाली असते. तबला किंवा ढोलकीवाला पाहुणा बोलावलात आणि तो रूपक धरून बसला, तर तो पहिल्या मात्रेवर हलका आणि तुमचा किक तिथेच दणदणीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, गाणं मात्र लंगडतं. आधी सांगून ठेवा.

आणखी एक हिशेब, प्रॉगची हौस असेल तर हा सोडू नका. एक कडवं म्हणजे चार आवर्तनं, २८ एटथ. दोन कडवी ५६. आणि ५६ ला आठनं भाग जातो. म्हणजे गायक, बेस आणि गिटार सातात ठेवून ड्रमरनं सरळ ४/४ धरला, तर त्याची सात आवर्तनं झाली की सगळे बरोब्बर दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एकत्र समेवर येतात. तुमच्या १०५ च्या लयीत सातचं एक आवर्तन नेमकं २ सेकंदांचं, म्हणजे भेट सोळाव्या सेकंदाला. पहिली दोन कडवी २-२-३, पुढची दोन अशी ४/४ वर तरंगती, असं करून बघा. शब्द एकही बदलत नाही आणि खालची जमीन सरकते. ड्रमरला सांगायचं ते इतकंच, की मध्ये गायकाकडे बघू नकोस.

पानगळ

मोडणीचं पटलं, पण अक्षरमोजणी यांनी एक गोष्ट झाकून ठेवली. 'चमकतो' आपण बोलतो 'चमक्‌तो'. 'शहराचा' बोलताना 'शह्‌राचा'. 'रुळांवर'चा 'र' बोलण्यात पाय मोडलेलाच असतो. सहा घरं भरायला सगळे 'अ' पूर्ण म्हटले की गाणं भजनाच्या चालीवर जातं, मागे कितीही फझ असू द्या. सगळे बोलल्यासारखे म्हटले तर घरं रिकामी पडतात. मराठी रॉक निम्म्या वेळा कीर्तनासारखा आणि निम्म्या वेळा इंग्रजीवरून उतरवल्यासारखा वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

हे गायकाच्या मर्जीवर सोडू नका, कागदावर ठरवा. साधारण असं चालतं: जोराच्या घरावरचा आणि ओढायच्या सुरावरचा 'अ' पूर्ण म्हणा. दोन जोरांच्या मधला 'अ' गाळा आणि त्याच्या आधीचं अक्षर दोन घरं धरा. पण 'चमकतो'मध्ये तिसऱ्या घरावर 'क' येतो, तिथे स्नेअर आहे, म्हणून तो गाळता येत नाही. मग 'म' आखूड ठेवून 'क'वर किंचित झटका द्या. भजनी वळण तिथेच मोडतं. 'रुळांवर'मध्ये 'व' जोरावर आहे आणि 'र' नाही, तर 'रुळांव–र्‌ रात्री' असं दोन्ही 'र' जोडून घ्या. ऐकायलाही छान लागतं.

ऱ्हस्व-दीर्घाची काळजी अक्षरछंदात कमी असते, पण सूर लांबवताना ती परत येते. 'पाणी' लांबवायचं तर 'णी' लांबवा, 'पा' लांबवून 'णि' तोडू नका. शेवटाला आकार-ईकार असलेले शब्द चरणाच्या टोकाला ठेवले की निम्मं काम होतं. पारा, वारा, झोपलेला. हे तुमच्याकडून आपोआप झालंय, पुढच्या गाण्यांत मुद्दाम करा.

खर्ज_सा

आता डिले. १०५ ला क्वार्टर ५७१ मिलिसेकंद, एटथ २८६, डॉटेड एटथ ४२९. सूत्र एकच, ६०,००० भागिले बीपीएम.

डॉटेड एटथ म्हणजे तीन सिक्स्टीन्थ. त्याचे पडसाद ३, ६, ९, १२ वर पडतात. ४/४ मध्ये बारावर चौथा ठोका असतो, तिथे पडसाद येऊन भेटतो आणि म्हणून तो डिले कानाला बांधलेला वाटतो. तुमच्या २-२-३ मध्ये जोर ०, ४, ८ वर आणि पुढची सम १४ वर. एकही पडसाद एकाही जोरावर पडत नाही. त्यात दर २८६ मिलिसेकंदाला नवं अक्षर येतंय, म्हणजे प्रत्येक अक्षराचा पहिला पडसाद पुढच्या दोन अक्षरांच्या मध्ये घुसतो. चिखल व्हायचाच.

क्वार्टर लावा, ५७१. पडसाद ४ आणि ८ वर, दोन्ही जोरांवर. फीडबॅक इतकाच की तिसरा पडसाद ऐकू येता कामा नये. कार्बन कॉपी ६०० पर्यंत जातो, डीडी-३ ८०० पर्यंत, दोघांनाही जमतं. अर्ध्या आवर्तनाचा, म्हणजे १००० मिलिसेकंदांचा डिले या दोघांच्या आवाक्यात नाही. तो कॉम्प्युटरवरच करा, आणि गिटारवर.

आवाजावर मात्र डिले सतत नको. वेगळ्या सेंडवर (आवाजाची प्रत इफेक्टकडे नेणारी वाट) ठेवा आणि फक्त शेवटच्या शब्दावर उघडा. 'झोपलेला'नंतर तीन घरं रिकामी आहेत, ८५७ मिलिसेकंद. ती जागा डिलेचीच आहे, बाकी कुठेही सेंड शून्य. सेंडच्या वाटेवर आधी डी-एसर (नाहीतर श आणि स प्रत्येक पडसादात फुसफुसत राहतात), मग डिले, मग २५० हर्ट्झखालचं आणि ३.५ किलोहर्ट्झवरचं काप. जुन्या टेप एकोचा रंग बराचसा या कापण्यातच असतो. वेगळं महागडं प्लगइन घ्यायची गरज नाही.

फेझरबद्दल. 'ए' आणि 'इ' यातला फरक कानाला कळतो तो साधारण ३०० ते २५०० हर्ट्झमधल्या उंचवट्यांवरून. फेझरचे खड्डे तिथूनच वरखाली फिरतात, त्यामुळे स्वर एकमेकांसारखे ऐकू येतात. मूळ आवाज मधोमध कोरडा ठेवा. त्याची प्रत फेझरमधून काढून डावी-उजवीकडे पसरा, मूळापेक्षा १० ते १२ डीबी खाली. फझ गिटारलाही २.५ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद पट्टा धरून २-३ डीबी खाली घ्या. शब्दांची व्यंजनं तिथे असतात आणि फझ नेमका तिथे ठाण मांडून बसतो.

कोरडेपणा घालवायला उलटा रिव्हर्ब वापरा, तुमच्या नावाला शोभेल. ओळीची प्रत वेगळ्या ट्रॅकवर घ्या. ती उलटी करा. रिव्हर्ब १०० टक्के वेट (मूळ आवाज शून्य) लावून शेपटासकट नवीन फाइल काढा. ती फाइल परत उलटी करा आणि मूळ ओळीच्या आधी अशी सरकवा, की फुगत येणारा आवाज पहिल्या अक्षरावर संपेल. गाण्याच्या सुरुवातीला रिव्हर्ब २ सेकंदांचा ठेवा, पूर्ण आवर्तनभर फुगेल. कडव्याच्या मध्ये ०.८ च्या वर नको, तीन घरांत तेवढंच मावतं. 'शहराचा'सारखी 'श'नं सुरू होणारी ओळ घेतलीत तर फुगण्याऐवजी नुसती वाफ सुटल्यासारखं ऐकू येतं. डी-एसर आधी, किंवा ओळच दुसरी निवडा. 'रुळांवर' उत्तम.

पट्टी: गिटार आणि बेस दोन्ही एक पूर्ण सूर खाली उतरवा, मोकळी तार पांढरी दोनवर येईल. रिफ तसाच राहील, गायक सुटेल. दहाच्या तारा लोंबतील, ११-४९ घाला आणि इंटोनेशन परत लावून घ्या, नाहीतर बाराव्या घरावर बेसूर. अर्धाच सूर उतरवायचा तर काळी दोन.

पेटी मात्र उतरवता येत नाही. आधी ट्यूनरवर पेटीची पांढरी सहा वाजवून बघा. ४४० असेलच असं नाही. ४४४ निघाली तर फरक सुमारे १६ सेंट, आणि गिटारबरोबर त्याच सुरावर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतील. दहा सेकंद मजा वाटते, पाच मिनिटांत डोकं उठतं. ट्यूनरचा संदर्भ ४४४ करा, सिंथची मास्टर ट्यूनिंगही तिथेच आणा. पेटीचे सूर तासून आणण्यापेक्षा हे स्वस्त. भाता ओढण्याच्या जोरानंही सूर थोडा हलतो, म्हणून मोजताना गाण्यात ओढाल तितक्याच जोरानं ओढा.

सोल्डरची_वाफ

माळ बंद पडते त्याचं कारण सोपं आहे. जर्मेनियम फझ बहुधा पीएनपी ट्रान्झिस्टरचा, म्हणजे पॉझिटिव्ह ग्राउंड. बाकीची पेडल्स निगेटिव्ह ग्राउंड. एका माळेत लावले की जॅकच्या बाहेरच्या भागातून सरळ शॉर्ट होतो. अडॅप्टर स्वतःला वाचवतो म्हणून नुसता बंद पडतोय. साधा असता तर वास आला असता. फझला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या. काही मिलिअँपच्याही आत भागतं त्याचं, बॅटरी महिनोन्‌महिने जाते. वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची, ती लागलेली असली की बॅटरी चालूच असते. बाकीच्यांना आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय घ्या. डीडी-३ सारख्या डिजिटल पेडलची किरकिर माळेतून अ‍ॅनालॉग पेडल्समध्ये शिरते, ती फझनं दसपट होते.

क्रम: गिटारमधून पहिला फझच. फझ फेसच्या जातीच्या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असतो, त्याला गिटारचा पिकअप थेट लागतो. आधी बफर असलेलं कुठलंही पेडल आलं, बंद असलं तरी, की आवाज पातळ आणि करकरीत होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जो स्वच्छ घंटेसारखा आवाज मिळतो तोही जातो. सायकेडेलिक गिटारचं निम्मं काम त्या व्हॉल्यूमच्या बटणात आहे.

फेझ ९० फझच्या पुढे की मागे हा चवीचा प्रश्न. फझनंतर ठेवला तर त्याला खायला भरपूर हार्मोनिक्स मिळतात आणि विमान गेल्यासारखा झोत येतो. तो तुमच्याकडे आवाजावरही असेल तर दोन झोत एकमेकांना खातात, एकच ठेवा. डिले सगळ्यात शेवटी.

अजून एक, इकडच्या हवेसाठी. जर्मेनियम उन्हात बिघडतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी उघड्या स्टेजवर बायस सरकतो, सूर मध्येच तुटायला लागतो, फुटक्या स्पीकरसारखा. पेडल खराब झालेलं नसतं, सावलीत नेलं की ताळ्यावर येतं. बाहेरच्या कार्यक्रमाला सिलिकॉनचा फझ न्या, जर्मेनियम रेकॉर्डिंगला ठेवा.

मांडवाबाहेर

रेकॉर्डिंगचा क्रम सांगतो. दोन इनपुटवर ड्रम्स घरी करायच्या भानगडीत पडू नका. एक दिवस स्टुडिओ घ्या, फक्त ड्रम्ससाठी. बाकी सगळं घरी.

जाण्याआधी घरी चारही गाण्यांचा कच्चा ट्रॅक करा: क्लिक, एक गिटार, आवाज. क्लिक म्हणजे नुसती टिकटिक नको. पुष्कळ सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम ७/८ मध्ये फक्त समेवर जोर देतो, मधल्या सहा टिका सारख्याच. ड्रमर तिसऱ्या मिनिटाला २-२-३ चं ३-२-२ करून बसतो आणि ते घरी आल्यावर कळतं. शेकर किंवा टिपरीचा सात घरांचा लूप करा, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरावर जोर देऊन. जिथे ड्रम्स ४/४ वर तरंगणार आहेत तिथे लूप सातातच ठेवायचा की चारात, हे ड्रमरला विचारा. बहुतेकांना चारातला हवा असतो.

स्टुडिओत चार माइक पुरतात: किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड. एक ओव्हरहेड स्नेअरच्या बरोब्बर वर मीटरभर उंच, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूनं, टॉमच्या किंचित वर, स्नेअरकडे तोंड करून. दोन्हींचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीनं मोजा. डोळ्यानं नाही, दोरीनं. आवाज मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो. अंतर वेगळं पडलं की स्नेअर दोन माइकवर वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मोनोत ऐकलं की त्याची जाडी गायब. सेटअप झाल्यावर सगळं मोनो करून ऐका. किकचा फेज उलटा-सुलटा करून ज्यात खालचा आवाज जास्त येतो तो ठेवा. मग रेकॉर्ड.

घरी गिटार दोनदा घ्या, एकाच वेळी: इंटरफेसच्या एका इनपुटवर अ‍ॅम्पसमोरचा माइक, दुसऱ्यावर कोरडा डीआय (इफेक्ट न लावलेला थेट सिग्नल). फझ आणि फीडबॅक कोरड्यावरून नंतर हुबेहूब होत नाहीत, म्हणून अ‍ॅम्पचा खरा आवाज हवाच. फेझर, डिले मात्र नंतर बदलावेसे वाटतात, तेव्हा डीआय कामाला येतो. गिटार आधी डीआय बॉक्समध्ये घाला आणि त्याचं थ्रू आउटपुट पेडल्सना द्या, म्हणजे फझला गिटार थेट मिळेल.

गायकाला वीतभर अंतर, माइक तोंडाच्या समोरून थोडा बाजूला फिरवलेला. भ, फ, ध यांची हवा थेट पडद्यावर आदळता कामा नये. मागच्या भिंतीला गोधडी, पण भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं पुढे टांगा. चिकटवली तर फक्त वरचा आवाज खाते आणि खोलीचा खालचा घुमारा तसाच राहतो. वर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर आवाजाचं रेकॉर्डिंग सोडून द्या. पावसाची सर फेझरमधून फार सुंदर ऐकू येते, पण ती तुम्ही ठरवून घेतलेली नसते.

स्टेजबद्दल विचारलं नाही, तरी सांगतो, कारण यात माणूस जातो. मांडवातल्या स्टेजवर गिटार हातात घेऊन माइकला ओठ लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक गिटारच्या तारेला, एक माइकच्या जाळीला. शून्याजवळ हवं. शंभरएक दाखवलं तर कुठेतरी अर्थिंग नाही. अडॅप्टर आणि लॅपटॉपच्या फिल्टरमधून गळणारा करंट तिथे साठतो आणि मुंग्या येतात. २३० च्या जवळ दाखवलं तर काहीही वाजवायचं नाही. अ‍ॅम्प एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्यावर असं मांडवात सर्रास होतं. दोन्ही एकाच बोर्डवरून, अर्थ लागलेल्या सॉकेटवरून घ्या. हम जातो म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारा कुणी भेटला तर त्याला स्टेजवरून उतरवा. हम घालवायला डीआय बॉक्सचा ग्राउंड लिफ्ट असतो, तो सिग्नलचा, विजेचा नाही.

आणि साउंडवाल्याला आधीच सांगा की आवाजाला इको नको, आमचा आम्ही आणलाय. सवयीनं तो देतोच.

उलटी_टेप

'रुळांवर रात्री' बसलं. ओळ आता आपोआप जाते. डिले ५७१ वर, शेवटच्या शब्दालाच.

दोन प्रश्न राहिले. चौथं गाणं नऊ मिनिटांचं आहे आणि तिसऱ्यातून न थांबता त्यात जातो. स्ट्रीमिंगवर हे कसं टाकावं? आणि दुसऱ्या गाण्यात एका दिवंगत मराठी कवीची कविता घ्यायचा विचार आहे. परवानगी कुणाची?

पानगळ

कविता: आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, त्यामुळे नुसतं मृत्यूचं साल बघून उडी मारू नका. परवानगी वारसांची. प्रकाशकाकडे करारानं हक्क असतील तर त्याची. लेखी घ्या, आणि त्यात 'ध्वनिमुद्रण, स्ट्रीमिंग, जाहीर कार्यक्रम आणि व्हिडिओ' हे चारही शब्द हवेत. तोंडी 'हो हो, करा की' म्हणालेले वारस नंतर बदललेले असतात.

संतांचे अभंग मोकळे, पण संगीतकारांनी बांधलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चाली बहुधा मोकळ्या नसतात. चाल तुमची हवी.

परवानगी मिळाली तरी ओळी वाढवू-घटवू नका. कविता सातात बसत नसेल तर ताल बदला. कवितेच्या मात्रा मोजा, पाचापाचांचे गट पडत असतील तर झपतालाचा २-३-२-३ घ्या, दहाचं आवर्तन. तेही प्रॉगच.

आपापल्या भाषेतली आधुनिक कविता हा या संगीताला परका माल नाही, हेही सांगून ठेवतो. कोलकात्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'मोहिनेर घोडागुली' या बंगाली बँडनं बँडचं नावच जीवनानंद दासांच्या कवितेतून उचललं होतं. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७७ ची. त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही, १९९५ च्या संकलनानंतर नवीन पिढीनं डोक्यावर घेतलं. मल्याळममध्ये 'अवियल' या रॉक बँडचा पहिला अल्बम २००८ चा. दोन्ही भाषा न कळता ऐका आणि फक्त बघा की शब्दाचा शेवट कुठल्या ठोक्यावर ठेवलाय.

खर्ज_सा

जोडगाणी: दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये मिक्स आणि मास्टर करा, शेवटी चिरा. चीर समेच्या किंचित आधी, वेव्ह शून्य ओलांडते तिथे. फेड लावायचा नाही. फाइल वेव्ह, २४ बिट, ४४.१. एमपीथ्री देऊ नका, त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेची भर पडते आणि नेमक्या जोडावर उचकी लागते. अपलोड करताना ट्रॅकचा क्रम दोनदा तपासा.

नऊ मिनिटं ठेवा की. फक्त लक्षात असू द्या, स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम, पुढे नऊ मिनिटं ऐकलं तरी एकच. आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच नाहीत. तिसऱ्या-चौथ्याचा जोड मिनिटभराच्या तंबोऱ्यावर असेल तर तो तिसऱ्याच्या शेवटी टाका, चौथ्याच्या सुरुवातीला नको. थेट चौथं लावणारा तीस सेकंद तंबोरा ऐकून निघून जातो.

मास्टर उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक उणे १. दाबून उणे ८ वर नेलात तर तिकडे परत खाली उतरवतातच, मधल्या शांत भागाचा जीव गेला तो परत येत नाही. आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) वितरक देतो, ते आकडे लिहून ठेवा. वितरक बदललात तर त्याच रेकॉर्डिंगला तेच द्यायचे, नाहीतर जुने ऐकलेले आकडे मागे राहतात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व आधी घ्या, गाणी नोंदवताना चौघांत टक्के किती ते तेव्हाच लिहावं लागतं. ते ठरवायला गाणं गाजायची वाट बघू नका.

अक्षरमोजणी

चौथ्या गाण्याच्या लांब सोलोबद्दल एवढंच. सगळं सातातच ठेवायचा हट्ट नको. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'मनी'मध्ये गाणं आणि सॅक्सोफोन सातात आहेत, गिटार सोलो आला की बँड चारात जातो आणि नंतर परत सातात. तुमच्याकडे उतरायची जागा आयती आहे: 'झोपलेला'नंतरच्या तीन रिकाम्या घरांत एक एटथ वाढवा, ते आवर्तन आठाचं होतं आणि ड्रमर चारात आपोआप पडतो. परत येताना सोलोच्या शेवटच्या आवर्तनातला एक एटथ काढा. गायकाला खूण हवी असेल तर तिथे पेटीचा एकच सूर, पांढरी दोन.

सोल्डरची_वाफ

पांढरी दोन, पण ४४४ वाली. ट्यूनर बदलायला विसरू नका.